इतिवृत्तात काय उरते : सातारा ते मिरज, सहा दिवस

शनिवार, २२ मार्च २०२५ : पुणे ते सातारा

स्वारगेटहून साडेदहाला सुटलेली एसटी खंबाटकीचा घाट चढत असताना मी पिशवीतले आमंत्रणपत्र पुन्हा एकदा काढून वाचले. सोमवारी, म्हणजे जागतिक क्षयरोगदिनी, साताऱ्यात क्षयरोगाचे काम करणाऱ्यांची एकदिवसीय विभागीय बैठक होती. गावोगावच्या ‘आशा’ आरोग्य स्वयंसेविका म्हणजे आशाताई, बरे झालेले रुग्ण, काही सरपंच, सरकारी अधिकारी आणि दोन-तीन स्वयंसेवी संस्थांची माणसे तिला येणार होती आणि बैठकीचे इतिवृत्त मी लिहावे, अशी आयोजक संस्थेची विनंती होती. आरोग्य खात्यात लिपिक म्हणून घालवलेल्या वर्षांत मी अशी शेकडो इतिवृत्ते लिहिली असल्यामुळे निवृत्तीनंतरही हे काम माझ्याकडे येत राहते.

या वेळी मात्र कामाबरोबर एक प्रश्नही सोबत घेतला होता. जिल्ह्यात, विभागात भरणाऱ्या या बैठकांतून जे बोलले जाते, ठराव होतात, निवेदने दिली जातात, त्यांचा दिल्लीत आखल्या जाणाऱ्या रोग-दुरीकरणाच्या कार्यक्रमावर काही परिणाम होतो का? हा प्रश्न विचारण्याचा मला विशेष अधिकार आहे असे नाही, उलट या प्रकरणात मीच आरोपी ठरण्याचा संभव अधिक. कारण ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली’ हे वाक्य माझ्या हातून इतक्या वेळा लिहून झाले आहे, की त्याखाली किती माणसांचे बोलणे गाडले गेले याचा हिशेब मला देता येणार नाही. बैठक एका दिवसाची असली, तरी पुढे विटा, सांगली आणि मिरज करून परतायचे ठरवले ते याच प्रश्नासाठी.

साताऱ्यात राजवाड्याजवळ मावसबहिणीकडे उतरले. तिचे यजमान, आमचे दाजी, आरोग्य सहायक म्हणून निवृत्त झालेले. रात्री जेवताना त्यांना बैठकीचे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “ताई, उद्या रविवार मोकळाच आहे तर लिंबला जाऊ. बैठकांनी रोग जातो का, ते तिथं सांगतो.”

रविवार, २३ मार्च : लिंबची विहीर

पाचगणीला जाऊन बेल एअर रुग्णालय बाहेरून तरी पाहावे, असा माझा मूळ बेत होता. डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये तेथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केले होते. परंतु रविवारी पसरणीच्या घाटात गाड्यांच्या रांगा लागतात, म्हणून तो बेत सोडून आम्ही दाजींच्या स्कूटरवरून पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या लिंबला गेलो.

बारा मोटांची विहीर शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. मुख्य विहीर अष्टकोनी, पायऱ्या उतरून गेल्यावर कमानी, मधल्या भागात वर एक छोटासा महाल, आणि काठावर एकाच वेळी बारा मोटा चालाव्यात अशी सोय. फोटो काढणाऱ्या जोडप्यांची गर्दी होती. दाजी पायऱ्यांवर टेकले आणि म्हणाले, “तुम्हाला ही शोभेची दिसते. आम्हाला पायऱ्यांची विहीर दिसली की आधी माणसांचे पाय बघायची सवय लागली होती.”

नोकरीच्या सुरुवातीला दुसऱ्या एका जिल्ह्यात ते नारूच्या पथकात होते. नारूचा जंतू रुग्णाच्या पायातून दोऱ्यासारखा बाहेर येतो, आणि आग शमावी म्हणून रुग्ण पाण्यात पाय बुडवतो तेव्हा अळ्या पाण्यात सोडतो. त्या अळ्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जलजीवाच्या पोटात वाढतात, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पायातून सुमारे वर्षभराने नवा नारू बाहेर पडतो. त्यावर लस नव्हती आणि गुणकारी औषधही नव्हते. बाहेर आलेला जंतू रोज थोडाथोडा काडीला गुंडाळून काढायचा, एवढाच उपचार. राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला आणि त्याची सारी भिस्त तीन-चार गोष्टींवर होती : रुग्णाला पाण्यात उतरू न देणे, पाणी फडक्याने गाळणे, विहिरीत औषध टाकणे आणि पायऱ्यांची विहीर बुजवून किंवा बांधून घेऊन तिची काढविहीर करणे. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

“आता तुमच्या प्रश्नाचं,” दाजी म्हणाले. “पायऱ्या बंद करा, हे वरून आलं. पण पायऱ्या बंद केल्यावर पाणी शेंदायला रहाट नसेल तर बाया भिंत फोडून पुन्हा खाली उतरतात, हे वरच्यांना कुठं माहीत? ते गावसभेत बायकांनी सांगितलं. आम्ही ते साहेबांना सांगितलं, आणि पुढच्या गावात आधी रहाट बसवला, मग पायऱ्या बंद केल्या.”

त्या गावसभेचे कागद कोठे असतील, असे मी सवयीने विचारले. कागद झालाच नव्हता. गावाचे बोलणे तालुक्यापर्यंत पोहोचले आणि तेथेच कामी आले. त्याला दिल्लीपर्यंत जाण्याची गरज पडली नाही. नारूच्या बाबतीत हे चालून गेले, कारण प्रत्येक गावाचा रोग त्या गावाच्या पाणवठ्यात होता. क्षयाचे तसे नाही, तो माणसाच्या श्वासाबरोबर मुंबईहून माणदेशात आणि माणदेशातून सुरतेला जातो. म्हणूनच की काय, सरकारी मराठीने नारू व कुष्ठरोगासाठी ‘निर्मूलन’ हा शब्द वापरला आणि क्षयरोगासाठी मात्र ‘दुरीकरण’ हा जरा सावध शब्द निवडला. २०२० मध्ये कार्यक्रमाचे नाव बदलून ते ‘राष्ट्रीय क्षयरोग दुरीकरण कार्यक्रम’ झाले, तेव्हा त्यातली ‘दुरी’ ही दोन अक्षरे टंकलेखनात नेहमी चुकत, एवढेच माझ्या लक्षात राहिले होते.

सोमवार, २४ मार्च : बैठक

पोवई नाक्याजवळच्या सभागृहात दहाची बैठक पावणेअकराला सुरू झाली. दीपप्रज्वलन, स्वागत, आणि १८८२ साली याच तारखेला रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले ही दरवर्षीची आठवण. एवढ्यात बारा वाजले. उद्घाटनाचे इतिवृत्त लिहायला मला दोन मिनिटे पुरतात, कारण ते कालच्या इतिवृत्तातूनच उचलता येते.

पहिल्या सत्रात एका अधिकाऱ्याने पडद्यावर आकडे दाखवले, आणि ते त्यांनी कोणतीही सजावट न करता दाखवले, हे मला आवडले. मार्च २०१८ मध्ये दिल्लीत पंतप्रधानांनी जाहीर केल्याप्रमाणे भारताने क्षयरोग दुरीकरणाचे उद्दिष्ट जगाच्या २०३० या मुदतीच्या पाच वर्षे आधी, म्हणजे २०२५ मध्ये गाठायचे होते. याचा अर्थ २०१५ च्या तुलनेत नव्या रुग्णांचे प्रमाण ८० टक्क्यांनी आणि मृत्यूंचे ९० टक्क्यांनी खाली आणायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या गेल्या वर्षीच्या अहवालानुसार २०१५ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे २३७ नवे रुग्ण होते, ते २०२३ मध्ये १९५ झाले; म्हणजे घट १७.७ टक्के. जगातल्या घटीच्या दुपटीहून ही घट अधिक आहे, हे खरे, आणि वर्ष संपायला नऊ महिने उरलेले असताना ८० पासून ती किती दूर आहे, हेही तितकेच खरे. सभागृहात यावर कोणी काही बोलले नाही.

त्यानंतर एका सरपंचांनी टीबीमुक्त पंचायतीचा विषय काढला. ही योजना २४ मार्च २०२३ रोजी वाराणसीच्या परिषदेत जाहीर झाली. निकषांत बसणाऱ्या ग्रामपंचायतीला प्रमाणपत्र आणि गांधीजींची प्रतिमा मिळते. पहिल्या वर्षी कांस्य, सातत्य राखले तर पुढे रौप्य आणि सुवर्ण रंगाची. हजार लोकसंख्येमागे वर्षाला किमान ३० तपासण्या व्हाव्यात आणि आढळलेले रुग्ण हजारी एक किंवा त्याहून कमी असावेत, हे त्यातले मुख्य निकष. सरपंच म्हणाले, “आमचं गाव दोन हजारांचं. साठ तपासण्या करायच्या आणि दोनच रुग्ण निघाले पाहिजेत. तिसरा निघाला तर गांधीबाबा परत जातात. मग शोधायला गावात उत्साह कसा राहणार?” लोक हसले. अधिकाऱ्यांनी उत्तर दिले, की तपासण्यांची अट त्यासाठीच आहे, शोधल्याशिवाय ‘नाही’ म्हणता येऊ नये. उत्तर बरोबर होते, तरी सरपंचांचा मुद्दा त्याने संपत नव्हता, कारण कोणाची थुंकी तपासायची ही निवड गावातच होते, आणि ज्याला खोकला नाही त्याची डबी पाठवूनही साठाचा आकडा भरता येतो. वरून आलेला निकष खालच्या वागण्याला किती नेमके वळण लावतो, याचे हे उदाहरण मी वहीत अधोरेखित केले. खालचे वागणे वरच्या निकषाला वळण लावते का, हा माझा प्रश्न तसाच होता.

जेवणाआधी माण तालुक्यातल्या एका आशाताईंनी बोलायला माइक घेतला नाही. त्यांनी पर्समधून शाळकरी वही काढली आणि वाचू लागल्या. ११ फेब्रुवारीला एका बाईच्या थुंकीची डबी दिली. १४ तारखेला नमुने नेणारी गाडी आली. १८ ला फोन केला, मशीन बंद आहे असे कळले. २८ ला अहवाल आला, क्षयरोग निघाला. तोवर ती बाई ऊसतोडीच्या टोळीबरोबर कऱ्हाडच्या बाजूला निघून गेली होती, आणि तिच्यासोबत तिची चार वर्षांची मुलगी होती. वही मिटून त्यांनी विचारले, “आम्ही इथं बोलतो ते दिल्लीला ऐकू जातं का?”

अधिकारी क्षणभर थांबून म्हणाले, “ताई, खरं सांगू? दिल्लीला आकडा ऐकू जातो.” निक्षय पोर्टलवर रुग्णाची नोंद झाली की ती त्याच दिवशी दिल्लीत दिसते. रुग्णाचा आधार, बँक खाते, वजन, एचआयव्हीची चाचणी, या सर्वांना तेथे रकाने आहेत. आशाताईंनी सकाळपासून मारलेल्या फेऱ्यांना आणि गाडीची वाट पाहण्यात गेलेल्या दिवसांना नाहीत.

मला हे उत्तर पटले, आणि तरीही ते अपुरे वाटले, कारण आकड्यांशिवायही काही गोष्टी खालून वर गेल्याचे आपण पाहिले आहे. पूर्वी क्षयाची औषधे आठवड्यातून तीनदा दिली जात. डॉ. रमण कक्कड यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये नऊ महिन्यांत रोजच्या औषधोपचारावर येण्याचा आदेश दिला आणि देशभरची पद्धत बदलली. बैठकांतून डॉक्टर मंडळी हेच वर्षानुवर्षे सांगत होती. तेव्हा बैठकांचा प्रभाव पडला असे म्हणावे, की बैठका पुरल्या नाहीत म्हणून न्यायालय गाठावे लागले असे म्हणावे? मला दुसरे अधिक प्रामाणिक वाटते.

दुपारच्या सत्रात औषधांना दाद न देणाऱ्या क्षयातून बरी झालेली एक तरुणी बोलली. इंजेक्शनांमुळे तिच्या एका कानाला आता जवळजवळ ऐकू येत नाही. तिने आपल्याबद्दल थोडे आणि दुसऱ्या दोघींबद्दल पुष्कळ सांगितले. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनीही अशाच उपचारांत श्रवणशक्ती गमावली होती. त्यांनी २०१९ मध्ये बेडाक्विलिन या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवण्याला भारतीय पेटंट कार्यालयात हरकत घेतली, मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला, आणि इतर कंपन्यांना हे औषध बनवण्याची वाट मोकळी झाली. आता कानाला धोका असलेल्या इंजेक्शनांऐवजी तोंडी औषधे आली आहेत, आणि सहा महिन्यांच्या नव्या उपचाराला सरकारने गेल्या वर्षी मंजुरी दिली आहे. तरुणी म्हणाली, “त्यांनी भाषण केलं नाही, हरकत लेखी घेतली.” मी ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले.

औषधांच्या तुटवड्याचाही विषय निघाला. २०२३ मध्ये रुग्ण आणि संघटना तुटवड्याबद्दल पत्रे लिहीत होत्या, तेव्हा तुटवडा नसल्याचे सांगितले गेले. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना तीन महिन्यांपुरती औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास पत्राने कळवले. त्या काळात गोळ्यांसाठी एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात फिरलेले दोघे सभागृहात होते. त्यांनी केंद्रांची नावे घेतली, मी ती येथे देत नाही.

चर्चेत एक लहानसा वाद शब्दावरून झाला, आणि मला तो सर्वांत आवडला. खोकला असलेल्या, तपासणी व्हायच्या माणसाला आपल्याकडे अजून ‘संशयित’ म्हणतात, आणि उपचार अर्धवट सोडणाऱ्याला पूर्वी ‘डिफॉल्टर’, म्हणजे बुडव्या, असे लिहीत. रुग्णांना गुन्हेगाराच्या भाषेत संबोधू नये, हा आग्रह अनेक देशांतल्या कार्यकर्त्यांनी धरला आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या व्याख्यांतून हे दोन्ही शब्द काढून टाकले. इंग्रजी नमुन्यांतून ते गेले, मराठीत मात्र ‘संशयित’ ठाण मांडून बसला आहे. एक आरोग्यसेविका म्हणाल्या, “पोलीस पाटील आणि मी एकच शब्द वापरतो.” त्याऐवजी काय म्हणावे यावर अर्धा तास गेला, ‘संभाव्य’ हा शब्द पुढे आला, त्यालाही विरोध झाला, आणि शेवटी ‘तपासणीयोग्य व्यक्ती’ यावर बहुमत झाले. ठराव म्हणून मी तो लिहून घेतला. दिल्लीत याचे काय होईल ते होवो, माण तालुक्यात उद्यापासून हा शब्द वापरता येईल, त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

सायंकाळी चहाच्या वेळी पोषण आहाराच्या पैशांचे श्रेय घेण्याची थोडी चढाओढ लागली. निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून रुग्णाला महिना ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ‘आम्ही तीन वर्षे हा ठराव करत होतो’ असे दोन संस्थांच्या प्रतिनिधींनी मला वेगवेगळे गाठून सांगितले. असे ठराव देशभर झाले असणार, यात शंका नाही. पण ऑगस्ट २०२३ मध्ये झारखंडमधल्या चार जिल्ह्यांतल्या ‘रेशन्स’ या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. डॉ. अनुराग व माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८०० रुग्णांना शिधा दिला, आणि रुग्णांच्या घरच्यांपैकी निम्म्या गटालाही दिला. ज्या घरांना शिधा मिळाला, त्यांतल्या माणसांत क्षयाचे प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी आढळले. भुकेने क्षय वाढतो, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. झारखंडमध्ये ते मोजले गेले. श्रेय नेमके कोणाला, हे मी ठरवू शकत नाही, परंतु ठराव आणि अभ्यास या दोहोंतले कोणते कागद निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर टिकतात, याबद्दल नोकरीतल्या अनुभवाने माझे मत पक्के आहे.

मंगळवार, २५ मार्च : सातारा, कराड, विटा

सकाळच्या एसटीने कराड. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी थोडा वेळ बसले आणि कडेपूरमार्गे विट्याला गेले. उसाच्या टोळ्यांचे ट्रॅक्टर परतीला लागले होते. त्यांतल्या एखाद्या ट्रॉलीत कालच्या वहीतली बाई असेल, असा विचार रस्ताभर डोक्यातून गेला नाही.

विट्याला यायचे कारण गलाई. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतली हजारो माणसे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. कोणत्याही राज्यातल्या सराफ कट्ट्यात शिरावे, एखादे दुकान विट्याकडचे निघतेच. अरुंद खोलीतली भट्टी, नायट्रिक आम्लाचा धूर आणि चार-पाच जणांची एकत्र राहणी, असे त्यातल्या नवख्या पोरांचे जीवन. एका ओळखीच्या आरोग्य कर्मचाऱ्याने अशाच एका तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाशी गाठ घालून दिली. दक्षिणेतल्या एका शहरात त्याला क्षयाचे निदान झाले आणि घरचे अन्न मिळावे म्हणून तो गावी आला.

त्याच्या मोबाइलमध्ये निक्षय क्रमांकाचा फोटो होता. या क्रमांकावर एका राज्यातल्या केंद्राने रुग्ण ‘पाठवायचा’ आणि दुसऱ्या राज्यातल्या केंद्राने तो ‘स्वीकारायचा’, अशी सोय पोर्टलवर आहे, आणि खरे म्हणजे ती उत्तम आहे. पंधरा वर्षांपूर्वी असा रुग्ण चिठ्ठीवर फिरत असे आणि चिठ्ठी हरवली की रुग्णही हरवे. मुलाच्या बाबतीत पाठवणे एका दिवसात झाले, स्वीकारणे राहून गेले. मधल्या दिवसांत त्याने जवळच्या गोळ्या पुरवून पुरवून खाल्ल्या. “रोजची एक गोळी कमी केली, बंद नाही केली,” असे तो अभिमानाने सांगत होता, आणि त्याची आई दाराआडून “मी म्हणत होते, म्हणत होते” असे दोनदा म्हणाली. गोळ्या कमी करून खाणे हे औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाला आमंत्रण असते. कर्मचाऱ्याने त्याला ते पुन्हा समजावले.

रात्री लॉजवर इतिवृत्ताचा कच्चा मसुदा करताना लक्षात आले, की स्थलांतरित रुग्णांचा हा मुद्दा कालच्या बैठकीत निघालाच नव्हता. बैठकीला येणारा माणूस तो, ज्याला सोमवारी दिवसभर मोकळीक आहे, ज्याला संस्था ओळखते आणि जो आपल्या गावी हजर आहे. गलाईची माणसे कोइमतूरला होती आणि ऊसतोडीची बाई फडात. क्षयाचा प्रवास नेमका ज्यांच्याबरोबर होतो, तेच सभागृहात नव्हते. जे बोलले गेले नाही, ते इतिवृत्तात घालता येत नाही, हा माझ्या व्यवसायाचा पहिला नियम आहे, आणि तो मला त्या रात्री पहिल्यांदाच जाचला.

बुधवार, २६ मार्च : तासगाव, सांगली, मिरज

तासगावच्या अलीकडे बेदाण्याची शेडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लागतात. उन्हाने डोळे दिपत होते. सांगलीत एसटी बदलून विश्रामबागेच्या बाजूने वानलेसवाडीला उतरले.

विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर मिरजेला आले आणि १८९४ मध्ये त्यांचे रुग्णालय सुरू झाले. पुढे सांगली-मिरजेच्या मधल्या या माळावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले आणि वस्तीलाच त्यांचे नाव पडले. ज्या काळात औषध नव्हते, त्या काळात मोकळी हवा, दूध, अंडी आणि विश्रांती हाच उपचार होता; पाचगणीला श्रीमंत जात आणि माळावरच्या अशा आरोग्यधामांची एक खाट मिळावी म्हणून बाकीचे वाट पाहत. नंतर औषधे आली, तरी खाटांचा आग्रह राहिला, कारण घरी ठेवलेला रुग्ण बरा होणार नाही आणि घरच्यांनाही रोग देईल, अशी समजूत होती. तो आग्रह मद्रासमध्ये मोडला. १९५६ मध्ये तेथे क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले, गरीब वस्तीतले रुग्ण दोन गटांत विभागले गेले, एक गट आरोग्यधामात आणि दुसरा घरीच. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झालेले दिसले, आणि घरच्यांना होणाऱ्या लागणीतही विशेष फरक नव्हता. १९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने घरगुती उपचार स्वीकारला, आणि जगभरची आरोग्यधामे हळूहळू ओस पडली. एका शहरातल्या कामाने देशाचे धोरण बदलल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे माझ्या माहितीत नाही, आणि पुन्हा एकदा ते मोजमापाचेच निघाले, याची मला जरा खंतही वाटली. आशाताईंच्या शाळकरी वहीला अभ्यासाचा दर्जा कोण देणार?

सांगलीत मात्र या म्हणण्याला एक अपवाद आहे. ‘संग्राम’ या संस्थेने, मीना सेषू यांच्या पुढाकाराने, १९९२ पासून येथे एचआयव्हीचे काम सुरू केले. वेश्याव्यवसायातल्या महिलांनीच निरोध वाटायचे, एकमेकींना सांगायचे आणि एकमेकींचे प्रश्न सोडवायचे, अशी त्यांची पद्धत. त्यातून ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. ज्यांना धोका आहे त्यांच्याच हाती प्रतिबंधाचे काम द्यावे, हे तत्त्व पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातही आले. ते एकट्या सांगलीमुळे आले असे म्हणणे चुकीचे होईल, कोलकात्याच्या सोनागाचीत आणि इतरत्रही तसे काम चालू होते. पण येथून वर गेला तो ठराव नव्हता, काम करण्याची रीत होती, आणि रीत पाहायला लोक स्वतः खाली येतात.

दुपारी मिरजेत कुष्ठरोगाच्या जुन्या रुग्णालयावरून रिक्षा गेली. कुष्ठरोगाचे राष्ट्रीय उद्दिष्ट, दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, डिसेंबर २००५ मध्ये साध्य झाल्याचे जाहीर झाले, आणि त्यानंतर घरोघरचा शोध थंडावला. मी तेव्हा नोकरीत होते आणि अभिनंदनाचे इतिवृत्त मीच लिहिले होते. आजही जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आढळतात. कार्यकर्त्यांनी त्याही काळात बैठकांतून ‘शोध थांबवू नका’ असे सांगितले होते. त्यांचे म्हणणे माझ्याच फायलीत ‘नोंद घेण्यात आली’ या शब्दांत पडले असेल. २०१६ मध्ये शोधमोहिमा नव्याने सुरू झाल्या, तेव्हा त्या फायली उघडून कोणी पाहिल्या असतील, असे मला वाटत नाही.

मिरजेच्या एका प्रयोगशाळेत थुंकीतला क्षयाचा जंतू शोधणारे सीबीनॅट यंत्र चालताना पाहायला मिळाले. चार खाने, सुमारे दोन तासांत निकाल, आणि रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही हेही त्यातच कळते. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, “मॅडम, यंत्राला दोन तास लागतात, बाकीचे दिवस रस्त्याला लागतात.” ११ ते २८ फेब्रुवारी, असे माझ्या मनात आपोआप आले.

गुरुवार, २७ मार्च : परतीची कोयना एक्सप्रेस

मिरजेला गाडीत बसताच मसुदा पुन्हा काढला. आयोजक संस्थेच्या समन्वयकांचा सकाळीच फोन येऊन गेला होता : “बाई, दोन पानांत बसवा. वर कोणी तिसरं पान वाचत नाही.” त्यात तथ्य आहे, म्हणून उद्घाटन तीन ओळींत आणि मान्यवरांची नावे एका ओळीत बसवली, सत्कार पूर्ण गाळले. सरपंचांचा निकषांबाबतचा मुद्दा ६० आणि २ या आकड्यांसह लिहिला. ‘तपासणीयोग्य व्यक्ती’ हा ठराव शब्दशः दिला. मुद्दा क्रमांक ७ असा झाला : ‘माण तालुक्यातील एका तपासणीयोग्य व्यक्तीचा थुंकीचा नमुना दि. ११ फेब्रुवारी रोजी देण्यात आला, दि. १४ रोजी वाहनाने नेण्यात आला, दि. १८ रोजी यंत्र बंद असल्याचे कळले व दि. २८ रोजी अहवाल प्राप्त झाला. दरम्यान सदर व्यक्ती चार वर्षांच्या मुलीसह स्थलांतरित झाली. नमुना दिल्यापासून अहवाल मिळेपर्यंतचे दिवस निक्षय पोर्टलवर नोंदवून जिल्हानिहाय प्रसिद्ध करावेत, अशी मागणी सभेने केली.’ ही मागणी आशाताईंनी या शब्दांत केली नव्हती. अधिकाऱ्यांच्या उत्तरानंतर तीन-चार जण एकदम ‘मग याचा आकडा करा’ असे म्हणाले होते, आणि त्याला मी मागणीचे रूप दिले. गलाईच्या मुलाची हकिकत इतिवृत्तात घातली नाही. ती माझ्या नावाने वेगळ्या पत्रात लिहिली, त्याचे नाव आणि गाव वगळून.

किर्लोस्करवाडीनंतर रेंज गेली, ती कराडला परत आली, तेव्हा मसुदा पाठवला. सातारा स्टेशन येण्याआधीच समन्वयकांचा संदेश आला : ‘मुद्दा ७ मधील तारखा काढून “विलंबाबाबत सविस्तर चर्चा झाली” असे करू का?’

मी ‘नको’ असे कळवले आणि आशाताईंच्या वहीच्या त्या पानाचा फोटो सोबत जोडला.